थेंबभर पाणी

जिनमंदिराच्या पायरीवर अक्का दुसऱ्यांदा अडखळल्या, तेव्हा घरच्यांनी वयाला बोल लावला. शास्त्रवाचन तर त्या अजून बिनचूक करीत. समोरचे अक्षर स्पष्ट दिसे. डाव्या बाजूचा पेला मात्र दिसत नसे, आणि तो दिसत नाही हेही त्यांना जाणवत नसे. काचबिंदूची रीतच अशी. तो बहुधा कडेची दृष्टी आधी नेतो आणि रिकाम्या जागा मेंदू आपणहून भरून काढतो.

तपासणीत डोळ्याचा दाब निघाला १८. सर्वसाधारण मर्यादा १० ते २१. दाब निर्दोष, आणि तरीही दृष्टिनाडीच्या दहा-बारा लाख तंतूंपैकी पुष्कळसे नष्ट झालेले! ते परत येत नाहीत. चष्म्याचा नंबर तेवढा दरवर्षी नेमाने तपासला जात होता.

औषधाच्या थेंबांनीही नुकसान थांबेना, म्हणून दाब आणखी उतरवण्यासाठी शस्त्रक्रिया ठरली. त्याच दिवशी धाकट्या जाऊबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर संमतिपत्र घेऊन आल्या. शस्त्रक्रियेच्या आरंभी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील पाणी, मिलिलिटरचा जेमतेम दहावा भाग, आणि थोडे रक्त संशोधनासाठी द्याल का?

हे पाणी अश्रूंचे नव्हे. ते डोळ्यात अखंड तयार होते आणि एका सूक्ष्म जाळीतून झिरपून जाते. रक्ताच्या मानाने त्यात प्रथिने फारच थोडी. पण जी असतात ती आतली हकिकत सांगतात. टीजीएफ-बीटा २ हे प्रथिन काचबिंदूच्या अनेक रुग्णांत वाढलेले आढळते. त्याने ती जाळी ताठर होते. तंतू तुटू लागले की त्यांच्या सांगाड्यातील प्रथिनाचे अंशही पाण्यात उतरतात. दाब गप्प असताना ही प्रथिने बोलतील काय, हा खरा शोध. रक्तात तीच खूण सापडली तर डोळ्याला हात न लावता तपासणी होईल. परंतु डोळ्यातला कण रक्ताच्या चार-पाच लिटरांत हरवतो, शिवाय मधुमेह, सूज, वय यांनीही रक्तातील प्रथिने बदलतात. रुग्णालयात रोज वापरावी अशी चाचणी अद्याप तयार नाही.

"पण मला तर काचबिंदू नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणूनच हवे. तुलना कशाशी करायची?" शिवाय हा आजार घराण्यात उतरतो, आणि दोघींत रक्ताचे नाते नव्हते.

जाऊबाई विचारात पडल्या. "अक्का, आहार, औषध, शास्त्र, अभय. हे दान यांतले कोणते?"

"औषध अजून झालेलं नाही," अक्का म्हणाल्या, "तोवर शास्त्रात धर."

सही करण्यापूर्वी अक्कांनी अहवाल कधी मिळेल ते विचारले. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही : असा अहवाल कोणा एकाच्या हाती येत नाही, अक्कांना याचा काही लाभ नाही.

"मग माझ्या मुलाला आहे की नाही, ते कसं कळायचं?"

"त्यांनाच घेऊन या. दाब, नाडी आणि कडेची दृष्टी, तिन्ही तपासू."

दुकानाचे कारण सांगून मुलगा दोन महिने टाळत होता. अक्कांनी कागदावर सावकाश सही केली, पेन जाऊबाईंच्या हाती दिले आणि त्याला फोन लावायला सांगितले.