फुकटची ऊब

माझा बिनतारी संच तापू लागला की आमच्या मांजराला फार आनंद होई. पावसाळ्यात ते संचाच्या पाठीवरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना खेटून बसे, आणि मी पुण्याच्या हौशी रेडिओवाल्या दोस्तांशी गप्पा मारी. ती ऊब म्हणजे संचाच्या जिवंतपणाची खूण, असा माझा मॅट्रिक पास समज होता.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. तारा तुटल्या, फोन मुके झाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पदर सावरीत आल्या. “मास्तर, पुण्याला माझ्या मुलाला एवढं कळवा हो.” निरोप साधा होता: छप्पर उडालं, आई मास्तरांकडे सुखरूप आहे. मी बोलू लागलो, “छप्पर उडालं, आई—” आणि बॅटरी संपली. पुण्याच्या दोस्ताने जेवढे ऐकले तेवढेच इमानाने पोचवले. पास मिळवून, पडलेली झाडे ओलांडत मुलगा आला, तेव्हा काकू आमच्या ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मग मी हिशेब मांडला. हवेत पाच वॅट पाठवायला माझा संच बॅटरीतून चौदा वॅट घेई. उरलेले नऊ मांजराचे! त्यातला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा. विजेचा दाब सोसायचा आणि प्रवाहही वाहायचा, म्हणून तापायचा. त्याऐवजी तो पुरता उघडावा किंवा पुरता मिटावा. उघडा असताना दाब नाही, मिटलेला असताना प्रवाह नाही. पण उघडमिटीच्या क्षणी थोडी वीज जळतेच. १९७५ साली नेथन सोकल आणि त्यांचा मुलगा अॅलन यांनी ‘क्लास ई’ची रचना मांडली. त्यात वेटोळे आणि कपॅसिटर असे जुळवतात, की दाब आपोआप शून्यावर आला की मगच स्विच लागतो. झोपाळा मागे येऊन थबकला की हात लावावा, तसे. (हेच अॅलन पुढे १९९६ साली एका विद्वत्पत्रिकेत मुद्दाम निरर्थक लेख छापवून आणून गाजले. कादंबरीकाराला असला माणूस आवडायचाच.)

स्विचला मात्र फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ कळते. मोर्सच्या कट्ट-कडला ते पुरते. माणसाच्या आवाजाला चढउतार असतात. त्याची तोड लेनर्ड कान यांनी १९५२ मध्येच सुचवली होती: चढउतार आधी काढून घ्यायचा, उरलेली सारख्या उंचीची लहर वाढवायची, आणि शेवटी विजेचा पुरवठाच कमीजास्त करून चढउतार परत द्यायचा. आता सॉफ्टवेअरच्या रेडिओत नखाएवढा गणक हे दर सेकंदाला हजारो वेळा करतो. दोन्ही वाटांची वेळ किंचित चुकली तरी आवाज फाटतो. माझ्या पहिल्या खटपटीला दोस्त म्हणाले, “मास्तर, घसा बसलाय का?”

महिनाभर डाग देऊन देऊन बोटे पोळली, पण आता पाच वॅटला सहा-साडेसहा पुरतात. मांजर चुलीपाशी गेले. मी काकूंना नवा संच कौतुकाने दाखवला. त्यांनी त्याला हात लावून पाहिला, थंडच होता.

“ते असू द्या,” त्या म्हणाल्या. “पण पुन्हा वेळ आली तर आधी ‘आई बरी आहे’ म्हणा. छपराचं मागून सांगा.”