टेंटॅकल परत आलाय!

रात्री पावणेतीनला लॅपटॉप तसाच उघडा ठेवून मी गॅलरीत आलो. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावं असं झालं होतं. नांदेडजवळची आमची विष्णुपुरी गाढ झोपलेली. लांब इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलच्या दोन-तीन खिडक्यांत तेवढा उजेड होता. मग ठरवलं, लिहूनच सांगायचं.

भाचा इथंच इंजिनिअरिंगला आहे. रविवारी जेवायला आला आणि त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला. "मामा, तुम्ही दूरदर्शनवरच्या डक टेल्सचा विषय अजून काढता ना? मग हे खेळाच." खेळाचं नाव 'रिटर्न ऑफ द टेंटॅकल - प्रोलॉग'. २०१८मध्ये जर्मनीतल्या काही चाहत्यांनी बनवलेला आणि पूर्ण फुकट! पडद्यावर अख्खं कार्टून उभं राहिलं. वाकड्या भिंती, तिरके दरवाजे, एक सरळ रेघ सापडेल तर शपथ. नुसतं बघत बसायचं नाही, माऊसनं कुठंही टिचकी मारायची. कपाट उघडा, वस्तू उचला, माणसांशी बोला. प्रत्येकाला आवाजसुद्धा दिलाय.

खेळातली ही मंडळी आहेत तरी कोण, हे कळल्याशिवाय मला राहवेना. म्हणून मूळ खेळ मिळवला, 'डे ऑफ द टेंटॅकल'. लुकासआर्ट्स कंपनीचा, १९९३चा. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी केलेला. चित्रांची सगळी ढब चक जोन्सच्या कार्टूनवरून घेतलेली. टेंटॅकल म्हणजे ऑक्टोपसची एकच सोंड सुटी होऊन उभी राहावी तसा प्राणी. त्यातला जांभळा एक दिवस प्रयोगशाळेचं विषारी सांडपाणी पितो, त्याला हात फुटतात आणि तो जग जिंकायला निघतो. त्याला थांबवायला तीन मित्र कालच्या दिवसात परत जाऊ बघतात, पण यंत्रातला हिरा नकली निघतो. बर्नार्ड आजच्यातच राहतो, होगी २०० वर्षं मागं पडतो, लव्हर्न २०० वर्षं पुढं. कालयंत्र काय, तर फिरते संडास! एकानं वस्तू फ्लश करायची, दुसऱ्यानं आपल्या काळात काढून घ्यायची.

आणि कोडी! लव्हर्न भविष्यात एका झाडाला अडकलीय. ते झाड पाडायचं कसं? २०० वर्षं मागं जॉर्ज वॉशिंग्टन बसलाय आणि होगी त्याच झाडाची फळं लाल रंगवतो. वॉशिंग्टनला वाटतं चेरीचं झाड, तो कुऱ्हाड चालवतो, आणि इकडं लव्हर्न धपकन खाली! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. पुढं तर कळसच. बर्नार्ड एक उंदरासारखा हॅमस्टर बर्फाच्या यंत्रात ठेवतो. २०० वर्षांनी लव्हर्न त्याला गोठलेला बाहेर काढते, मायक्रोवेव्हमध्ये ऊब देते. तरी तो कुडकुडतोच. त्याला स्वेटर हवा. म्हणून बर्नार्डनं माणसाच्या मापाचा स्वेटर कपडे वाळवायच्या यंत्रात टाकलेला, भरपूर नाणी घालून. तो २०० वर्षं फिरून फिरून बरोबर हॅमस्टरच्या मापाचा होतो. हे सुचलं कसं असेल!

धरणाशेजारी राहणाऱ्याला हा हिशेब लगेच उमगतो. वर जायकवाडीतून पाणी सुटलं, की इथं विष्णुपुरीत दरवाजे उघडायची तयारी आणि खाली नांदेडच्या घाटांवर सावधानतेचा इशारा. नदीत वर केलेलं खाली पोचतं. या खेळात तेच वर्षांच्या प्रवाहात होतं.

लुकासआर्ट्सनं याचा पुढचा भाग कधी काढलाच नाही. २०१६मध्ये मूळ खेळ नव्यानं रंगवून आला, तेवढंच. पुढची गोष्ट हवी असणाऱ्यांनी मग स्वतः कुंचला घेतला. पात्रं दुसऱ्याची, त्यामुळं विकता येणार नाही, हे माहीत असूनही त्यांनी खोल्या रंगवल्या आणि संवाद बोलून घेतले. माझ्या मते हाच यातला सगळ्यात मोठा चमत्कार.

सोमवारी सकाळी भाच्याला फोन केला. पोरगं म्हणालं, "मामा, आपल्या चिंटूचा असा खेळ केला तर?" चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१पासून मराठी घरांत वाढलाय. त्याची कॉलनी, त्याची गँग. टिचक्या मारायला किती जागा! हत्यारही फुकट आहे. ख्रिस जोन्स या ब्रिटिश प्रोग्रामरनं १९९७मध्ये असे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर आणलं, ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ. ते आजही मोफत मिळतं.

विष्णुपुरीत एका बाजूला इंजिनिअरिंग कॉलेज, दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. प्रोग्रामिंगवाला इथं, चित्र काढणारी तिथं, गाणारा कुठल्या तरी खोलीत भाड्यानं राहतोय. पोरांनो, आधी १९९३चा खेळ खेळा, मग प्रोलॉग खेळा. आणि कुणाला हात चालवावासा वाटला, तर रविवारी दुपारी आमच्याकडं जेवायलाच या. भाच्यानं पहिल्या खोलीचं चित्र काढायला घेतलंय.