मुकं गिऱ्हाईक

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मिस्टरांनी हप्त्यावर शिवणाचे मशीन आणले. त्या मशीनवर मी शेजारणींचे ब्लाऊज शिवले, पोरांचे युनिफॉर्म शिवले. पुढे एका कारखान्यात पीसवर शर्टाच्या कॉलरी शिवायला जाऊ लागले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि कारखान्याचे शटर पडले ते परत उघडलेच नाही. मिस्टरांची रिक्षाही दाराशी उभी. घरात सासूबाई, दोन मुले आणि ते मशीन.

२०२१ च्या जून महिन्यात माझी धाकटी जाऊ आली. ती विक्रोळीच्या एका टॉवरमध्ये घरकाम करते. म्हणाली, "ताई, आमच्या मॅडमच्या कुत्र्याला रेनकोट शिवून पायजे. बाजारचा त्याला बसत नाय."

सासूबाई पलंगावरून बोलल्या, "कुत्र्याला रेनकोट? आपली पोरं गोणपाटाची खोळ घेऊन शाळेत गेली गं!"

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. पण घरात पीठ संपत आले होते. मी टेप घेऊन गेले. कुत्रा लॅब्रॅडोर जातीचा, छाती रुंद. म्हणूनच तयार कोट अडत होता. तीन मापे लागतात हे मी तिथेच शिकले. मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि गळा. नर कुत्रा असेल तर पोटाखालचे कापड आखूड ठेवावे लागते, नाहीतर लघवीने भिजते. हा धडा पहिला कोट वाया घालवून मिळाला. दुसरा कोट बसला. मॅडमने साडेतीनशे रुपये दिले आणि म्हणाल्या, "मावशी, असा ऑनलाईन हजाराच्या खाली मिळत नाही."

माझी थोरली तेव्हा बी.कॉम.ला होती. तिने त्या रात्रीच मोबाईलवर इन्स्टाग्रामचे पान उघडले. हँगरला टांगलेल्या कोटांचे फोटो टाकले. तीन आठवडे एकाही माणसाने विचारले नाही. मग तिने आमच्या चाळीतल्या लाल्याला कोट घातला. लाल्या म्हणजे जिन्याखाली राहणारा गावठी कुत्रा, सासूबाईंच्या हातची भाकरी खाणारा. पावसात पोरांच्या मागे धावणाऱ्या लाल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिने टाकला. त्या आठवड्यात सात ऑर्डरी आल्या.

"मम्मी, लोक कोट बघत नाहीत, कुत्र्याचे डोळे बघतात," ती म्हणाली. खरेच होते. पण त्या बोलण्यात एक धोकाही होता, तो माझ्या उशिरा ध्यानात आला.

धंदा वाढवायचा म्हणून आम्ही एका मोठ्या पानवाल्याकडे गेलो. त्याच्या कुत्र्याला लाखाच्या वर लोक पाहतात. त्याने चार कोट फुकट घेतले, वर तीन हजार रुपये घेतले. फोटो सुंदर आला, हजारो लोकांनी तो पसंत केला, आणि ऑर्डरी आल्या दोन. फोटोखाली त्याने असे लिहिले होते, की जणू हा कोट त्याला स्वतःलाच बाजारात सापडला! पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस केली तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे, हा जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेचा नियम २०२१ पासूनच आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तेच बजावले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. पण पैसे आमचे होते, म्हणजे त्या लपवालपवीत आम्हीही होतो.

मुलीने तेव्हा कॉलेजात शिकलेली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत पेट्स डॉट कॉम नावाची कंपनी होती. मोज्यापासून केलेला बाहुलीचा कुत्रा तिच्या जाहिरातीत बोलायचा. जानेवारी २००० मध्ये तिकडच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल सामन्यात ती जाहिरात झळकली, आणि लोक त्या बाहुलीवर खूष झाले. पण कंपनी खरेदीपेक्षा कमी भावात माल विकत होती, वर खाद्याची जड पोती घरपोच करण्याचा खर्च. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनी बंद पडली. बाहुली लोकांना आवडली, पण तेवढ्याने हिशेब जुळला नाही. आम्हीही वही काढली. कापड, वेल्क्रो, दोरा, कुरिअर वजा जाता चारशे पन्नासच्या कोटामागे दोनशेच्या आसपास उरत होते, आणि कोटाला अडीच तास लागत होते.

म्हणून मी वेळ वाचवायला लागले. काखेच्या कडेला मी सुती पायपिंग लावत असे. वीस मिनिटे जायची. २०२३ च्या हंगामात ते बंद केले. वेल्क्रोही स्वस्तातला आणला.

जूनच्या शेवटी नाशिकच्या एका बाईंनी आमच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा फोटो टाकला. त्यांच्या कुत्रीची काख सोलून लाल झाली होती. खाली लिहिले होते, "पैसे वाया गेले, वर जनावराला त्रास."

मुलीचा चेहरा उतरला. "मम्मी, मी हे डिलीट करते. वर्षभराची कमाई याच दोन महिन्यांची आहे. एक पोरगा दोन हजारांत शंभर चांगले अभिप्राय टाकून देतो म्हणतोय. हे कुणाला दिसणारसुद्धा नाही." धाकट्याच्या क्लासची फी भरायची होती. मला तिचा राग आला नाही. क्षणभर मलाही वाटले, करू दे.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्या लाल्याला इचारलं का कुणी? कोट दिसला की जिन्याखाली घुसतंय ते."

आम्ही दोघी खाली गेलो. लाल्याला जवळ घेऊन मी त्याच्या काखेत बोट फिरवले. तिथले केस झिजून कातडी उघडी पडली होती. ज्या कुत्र्याचे डोळे दाखवून आम्ही माल विकत होतो, तो महिनाभर आम्हाला सांगत होता, आणि आम्ही त्याचे व्हिडिओ काढत होतो!

कारखान्यात शर्टाची कॉलर टोचली तर गिऱ्हाईक दुकानात जाऊन भांडायचे. कुत्र्याच्या मालात पैसे देणारा एक आणि अंगावर घालणारा दुसरा. जाहिरात पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. अंगावर घालणारे गिऱ्हाईक मुकं. त्याच्या वतीने एक बाई बोलली होती, आणि आम्ही तिचेच तोंड बंद करायला निघालो होतो. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्येच सांगितले आहे हे मला नंतर कळले. पण त्या दिवशी लाल्याची काख पुरेशी होती.

तक्रार तशीच ठेवली. तिच्याखाली मुलीने लिहिले, "चूक आमची आहे. या हंगामात घेतलेला कोट परत पाठवा, दुरुस्त करून देऊ किंवा पैसे परत करू. कुरिअरचा खर्च आमचा." एक्केचाळीस कोट गेले होते, तेरा परत आले. रात्री जागून मी पायपिंग लावले. मिस्टर शेजारी बसून जुना वेल्क्रो उसवत होते. धाकट्याची फी दोन हप्त्यांत भरली. त्या पावसाळ्यात हातात जवळजवळ काहीच उरले नाही. नाशिकच्या बाईंनी पैसे परत घेतले. पुढच्या वर्षी त्यांनीच दोन कोट मागवले, हे मी मुद्दाम सांगते, कारण तोपर्यंत आम्हाला त्याची आशाही नव्हती.

भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या घरी मुली मोबाईलवरून लोणची, तोरणे, कपडे विकत असतील. त्यांना जरूर विकू द्या. पण फुकट माल देऊन फोटो काढून घेतलात तर खाली जाहिरात असे लिहायला सांगा. खोटे अभिप्राय विकत घेऊ नका. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल व फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर वहीत लिहून ठेवा.

आमच्या प्रत्येक कोटासोबत आता एक चिठ्ठी जाते. पहिल्या दिवशी कोट तासभरच घाला, काढल्यावर काखा तपासा. उघडिपीत कोट काढून टाका, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो.

लाल्याला आता आम्ही कोट घालत नाही. तो पावसात मजेत भिजतो आणि जिन्यात येऊन अंग झटकतो. सासूबाई त्याच्या नावाने ओरडतात, आणि मग भाकरी टाकतात.