मिशनचं सामान

लाल मिक्स्चर. बाटली घरून न्यायची. विसरली तर कंपाउंडर आधी ओरडे, मग बाहेर पिटाळी. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवलेली असे. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्याला सही येत नसे, त्यालाही औषध मोजता येई.

‘मिशनला न्या.’ गावच्या वैद्याने हात टेकले की हाच सल्ला. सांगली-साताऱ्याकडे मिशन म्हणजे मिरजेचं. डॉ. विल्यम वानलेस कॅनडात जन्मलेले. 1889 मध्ये भारतात आले, आधी सांगलीत राहिले, आणि 1894 मध्ये मिरजेचं रुग्णालय उघडलं. मिशन प्रेस्बिटेरियन. पण कॅथलिक की प्रॉटेस्टंट, याच्याशी रुग्णाला काय करायचंय? आजीचा मोतीबिंदू निघतोय ना, मग झालं.

मिशनमध्ये तयार झालेले डॉक्टर. ऑपरेशनला हात कमी पडत, म्हणून वानलेस यांनी 1897 मध्ये मिरजेतच वैद्यकीय शाळा काढली. पोरं इथलीच, शिकायची रुग्णाच्या खाटेशी उभं राहून. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिरजेला आलं 1962 मध्ये.

छोटी गाडी. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट 1927 मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. दुष्काळी पट्ट्यातले रुग्ण, घोंगडीत गुंडाळलेले, याच गाडीने येत. रूळ आता रुंद झाले. गाडी वेगात जाते, रुग्ण जीपने येतो.

उघडा व्हरांडा. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा हवा हेच औषध. सुमारे 1,300 मीटर उंचीवरच्या पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. मिरजेच्या मिशननेही सांगलीच्या वाटेवर, वानलेसवाडीत, क्षयरुग्णांची सोय केली. व्हरांड्यात ओळीने खाटा, थंडीतही. दूध, अंडी, आणि उठायची मनाई. महिनेच्या महिने. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, 1952 मध्ये आयसोनियाझिड, आणि रुग्ण घरी राहून बरे होऊ लागले. वानलेसवाडी आता सांगली-मिरज रस्त्यावरची भरवस्ती आहे.

थुंकदाणी. झाकणाची, तळाशी फिनेल. प्रत्येकाची वेगळी. भेटायला आलेला पाहुणा तिच्याकडे बघायचं टाळी आणि खाटेपासून चार हात लांब बसे. गेली ते उत्तम.

एड्सचा वॉर्ड. बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे गेलं. 1990 च्या दशकात तिथला कारभार फादर टॉमी या कॅथलिक धर्मगुरूंनी हाती घेतला. तोवर नवा आजार आला होता. घरच्यांनी टाकलेले रुग्ण पाचगणीला येत, पुष्कळांना जोडीला क्षय. 2004 पासून एचआयव्हीची औषधं सरकारी रुग्णालयांत फुकट मिळू लागली आणि मरायला येणारे औषध घेऊन कामावर परतू लागले. हा वॉर्ड रिकामा व्हावा, असं तिथल्या नर्सला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

अंगणातली चूल. रुग्णाबरोबर निम्मं घर येई. तीन दगड, काटक्या, पिठाचं गाठोडं. दवाखान्याच्या आवारातच भाकऱ्या थापल्या जात. शेजारच्या खाटेवरच्या परगावच्या माणसालाही कोरभर मिळे. धूर होई, माशा होत, नर्स रागावत. स्वच्छतेच्या हिशेबाने चूल जायलाच हवी होती. आता कँटीन असतं, पास असतो, भेटीची वेळ असते. ऑपरेशन पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झालं, रुग्णाला विमाही मिळतो. सोबत आलेल्या म्हातारीला मात्र पथारी जिन्याखाली टाकावी लागते, आणि पहारेकरी आला की गुंडाळावी लागते. इमारतीचा नकाशा काढताना तिला कोणी धरतच नाही.