खाऱ्या बिस्किटांच्या मागावर : धार ते देवास

धार म्हटले की भोजराजा व किल्ला आणि देवास म्हटले की चामुंडा व तुळजाभवानीची टेकडी आठवते. मध्यंतरी आम्ही इंदूरमार्गे ह्या दोन्ही गावी जाऊन आलो, ते मात्र घरगुती खाऱ्या बिस्किटांचा माग काढीत.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांबरोबर पवार माळव्यात आले. धारेस त्यांची गादी झाली. देवासास १७२८ मध्ये थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. पण मराठी स्वयंपाकघरे तेथेच राहिली. त्यांनी चकली-शंकरपाळे जपले, माळव्याचे बाटी-बाफले आपलेसे केले. बाफला आधी पाण्यात उकळून मग निखाऱ्यावर भाजतात. बिस्किटास मात्र बंद भट्टीच हवी. म्हणून दिवाळीपूर्वी घरचे पीठ, तूप व ओवा घेऊन बेकरीत जाण्याचा प्रघात पडला. पाव निघाल्यावर भट्टीचा ताप उतरतो. त्या मंद आचेवर बिस्किटे आतपर्यंत कोरडी होतात. आडनाव रंगविलेला पत्र्याचा डबा जवळ ठेवून मंडळी आपापल्या पत्र्यांची वाट पाहात.

आता घरोघरी विजेच्या भट्ट्या आल्या. प्रश्न उरला तो प्रमाणाचा. देवासच्या एका आजींना आम्ही तूप किती घालावे, असे विचारले.

"अहो, वाटी कशाला हवी? पीठ मुठीत दाबावं, मुटका टिकला की पुरे."

जवळ उभी असलेली नात म्हणाली, "पण आजी, ग्राम में किती?"

आजी हसल्या. आम्ही मात्र तराजू मागविला. ५०० ग्रॅम मैद्यास १५० ग्रॅम तूप भरले. शिवाय १० ग्रॅम मीठ, दोन चहाचे चमचे भरडलेला ओवा आणि भिजविण्यापुरते दही. तूप पिठाच्या कणाकणास लागले की त्यास चिवटपणा येत नाही, म्हणून बिस्किट खुसखुशीत होते. लाटून काट्याने टोचावे, म्हणजे वाफ निघून जाते व ते फुगत नाही. १७० अंशांवर सुमारे २० मिनिटे भाजावे.

नातीने हे सारे वहीत उतरून घेतले, आणि तेही मराठीत. शब्द अडला की ती आजींना विचारी. 'मुटका' हा शब्द तिने प्रथमच लिहिला.

वाचकांच्या घरीही असे हात असतील. ते कामात आहेत तोवर शेजारी वही व तराजू घेऊन बसावे, एवढेच आमचे सांगणे.