खुर्दबीन आणि सड्यावरचं दवबिंदू

गावांच्या नावापुढे ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ लागतं. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरलं. दोन्ही शब्द फारसीतले. मराठीच्या तासाला हे सांगितलं की मुलं लगेच आपापल्या आजोळची नावं सांगायला लागतात. तोच खुर्द उर्दूच्या तासाला पुन्हा भेटतो, ‘खुर्दबीन’मध्ये. बारीक बघणारी ती खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक. मराठीने दुर्बीण घरात घेतली, तिची ही बहीण मात्र बाहेरच राहिली. आणि भिंगाला उर्दूत म्हणतात ‘अदसा’, अरबी ‘अदस’वरून. अदस म्हणजे चक्क मसूर! लॅटिनमध्येही ‘लेन्स’ म्हणजे मसूरच. बहिर्गोल भिंगाचा आकार त्या दाण्यासारखा, म्हणून.

या पावसाळ्याआधी आमच्या घरात अशाच एका मसुरीच्या किमतीवरून बरीच चर्चा झाली.

आमच्या भागात जांभ्याचे सडे आहेत. मे महिन्यात त्यांच्याकडे बघवत नाही, काळा कोळपलेला कातळ. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच कातळावर बोटभर मातीत गेंदाची पांढरी बटणं उगवतात, सीतेची आसवं निळी-जांभळी होतात आणि ओलाव्याच्या जागी दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती आपले चिकट थेंब लावून बसते. सीतेची आसवं नाव एवढं हळवं, पण तीही शिकारी. मातीतल्या ओलाव्यात तिच्या बारीक पिशव्या असतात, इवला पाणकिडा आत ओढायला तिला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. मुलांना हे सांगितलं तर ती विचारतात, “सर, दाखवा ना.” आणि दाखवायला घाई करावी अशी परिस्थिती आहे. चिऱ्यांसाठी सडे कापले जातात. एकदा खाण पडली की ती बोटभर माती गेली, तिच्यातलं बीही गेलं. घरं आपलीही चिऱ्यांचीच आहेत, तेव्हा खाणवाल्याला शिव्या देऊन मी मोकळा होणार नाही. फोटो तरी असावा, एवढंच.

कॅमेरा होता, भिंग नव्हतं. दुकानात ‘मॅक्रो’ लिहिलेल्या अनेक झूम लेन्स मिळतात. त्यातल्या पुष्कळशा वस्तूची प्रतिमा तिच्या पाव किंवा एकतृतीयांश आकाराचीच पाडतात. खरी मॅक्रो १:१, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा. म्हणजे जास्तीत जास्त जवळ गेल्यावर पाच रुपयांच्या नाण्याच्या रुंदीएवढी जागा अख्खी चौकट भरते. दवबिंदूचं एक पान त्यात राजासारखं बसतं.

१:१ तर ४० मिलिमीटरची लेन्सही देते आणि १८०ची पण देते. मग फरक कशात? अंतरात. ४०ची स्वस्त, पण काच फुलापासून चार-पाच सेंटिमीटरवर न्यावी लागते. आपलीच सावली फुलावर पडते, आणि बसलेला चतुर तर तेवढं जवळ येऊच देत नाही. १८०ची दूर राहते, पण वजनाला आणि खिशाला जड. मधली ९० ते १०५ची. दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा मिळते, हातातही धरता येते. मी वापरलेली, ९०ची टॅमरॉन घेतली. जवळचं फोकस करताना तिचं नळकांडं पुढे येतं, ते पावसात सांभाळावं लागतं. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा तिच्यात नाही. पण इतक्या जवळून त्या यंत्रणेचा भरवसा कमीच, तिपाई किंवा कोपर कातळावर टेकणं बरं.

ज्यांना एवढा खर्च नको त्यांनी एक्स्टेन्शन ट्यूब बघावी. आत काच नसलेली पोकळ नळी. ५०च्या लेन्समागे २५ मिलिमीटरची नळी लावली की अर्ध्या आकाराची प्रतिमा मिळते. आणि वर्गात दाखवण्यापुरतं असेल तर मोबाइलला लावायचं चिमट्याचं भिंगही पुरतं, हे दुकानदार सांगणार नाही.

खरी कसोटी पुढे आहे. १:१ला एफ ८ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. थेंब धारदार आला की देठ धुरकट. एफ २२ केलं तर प्रकाश विखरून सगळंच मऊ पडतं. आणि सड्यावरचा वारा थांबता थांबत नाही! मी एफ ११ ते १६मध्ये राहतो, श्वास रोखतो आणि वीसेक फोटोंतला एक ठेवतो.

बायकोचा प्रश्न सरळ होता: “एवढे पैसे घालताय, मग निकाहात तरी चालेल का ही?” चालेल. मॅक्रो लेन्स दूरचंही बघते, आणि ९०ने माणसांचे चेहरे फार छान येतात. परवानगी त्या उत्तरावर मिळाली. आता ती लेन्स सिलिका जेल घालून तांदळाच्या जुन्या हवाबंद डब्यात आहे, कारण आपल्याकडच्या ऑगस्टमध्ये काचेलासुद्धा बुरशी येते. नणंदेच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, त्याआधी सड्यावर आणखी चार-पाच फेऱ्या होतील.