मूळ स्वरूपातली फियाट

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या निश्चित केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन, असा तिचा साधारण आशय आहे. मराठी शिकविणाऱ्या माणसाच्या नजरेस 'मूळ स्वरूप' हे दोन शब्द पडले की तो थबकतो. या दोन शब्दांपायी आमच्या शास्त्रात विद्वानांच्या हयाती खर्ची पडल्या आहेत. शासनाला ते प्रकरण दोन-तीन ओळींत उरकता आले, याचा आम्हांला थोडा हेवाही वाटला.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला मराठी शिकवितो, धाकटा तेल्हाऱ्याला कापूस आणि तूर पिकवितो. दोघांच्या मध्ये १९६७ सालची एक फियाट अकराशे उभी आहे. वडिलांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती, आणि त्यांच्या पश्चात ती नऊ वर्षे कोठ्यात सरकीच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. ती पुन्हा चालती करावी यावर आमचे एकमत होते. ती कशी करावी यावर मात्र वर्षभर वाद झाला, आणि त्या वादात वडिलांचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. भावाभावांतल्या वादात असे होतेच.

धाकट्याच्या डोक्यात शोलावरम होते. मद्रासजवळची दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी पुढे मोटारींच्या शर्यतींचे मैदान झाली. खरीखुरी स्पोर्ट्स कार तेव्हा राजेरजवाड्यांकडे किंवा फार मोठ्या धनिकांकडे असायची, आणि आयातीवर कडक निर्बंध होते. म्हणून हौशी मंडळींनी घरगुती फियाट, हेराल्ड, ॲम्बॅसेडर घेतल्या, त्यांची इंजिने उघडली, आतल्या वाटा घासून रुंद केल्या, कार्बुरेटर बदलले आणि बायकामुलांना लग्नाला नेणाऱ्या गाड्या शर्यतीत पळविल्या. अभावातून आलेली ही कला आहे. तिला मराठीत कुणी निबंध लिहून गौरविले असेल, असे वाटत नाही. आमच्या गाडीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, बळ सुमारे चाळीस घोड्यांचे. धाकट्याला त्यात आणखी चार-दोन घोडे जुंपायचे होते. थोरल्याला एक स्क्रूदेखील बदलायचा नव्हता.

निवाडा मिस्त्रींनी केला. मिस्त्री आता सत्तरीपलीकडचे. त्यांचे शिक्षण मोटारीच्या गॅरेजात झालेले नाही, जिनिंगमध्ये झाले. वऱ्हाडातल्या कितीतरी मिस्त्रींचे विद्यापीठ हेच. रेच्याच्या चामडी रोलरवर नागमोडी खाचा असतात. त्या खाचांच्या आणि चामड्याच्या खरखरीतपणाच्या जोरावर तो रोलर रुई धरतो, सुरीखाली ओढतो, आणि सरकी मागे राहते. रोलर झिजून गुळगुळीत झाला की तो नुसता फिरत राहतो. मग यंत्र थांबवून त्याला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. मिस्त्रींनी उमेदीची वर्षे या कामात घालविली आहेत.

हेड उतरविले, त्यावरची काजळी खरवडली, आणि बाकावर ते ॲल्युमिनियमचे धूड उताणे पडले. धाकट्याने पॉलिश पेपरचे निरनिराळ्या नंबरांचे ताव आणून ठेवलेच होते. हवा-पेट्रोलचे मिश्रण ज्या वाटेने आत जाते ती वाट आरशासारखी करायची, असा त्याचा बेत. मिस्त्रींनी हात आडवा केला.

"सर, आतल्या वाटेले आरसा नोका करू," ते थोरल्याला उद्देशून म्हणाले (कागद धाकट्याच्या हातात असताना; वऱ्हाडात समजूत मोठ्याची घालतात). "पेट्रोल भिताळाले चिपकते. थोळी खरखर पायजे. बाहीरच्या वाटेले करा किती करायचा तितका आरसा."

याचा उलगडा असा. कार्बुरेटरमधून निघालेले पेट्रोल म्हणजे हवेत तरंगणारे बारीक तुषार. भिंत अगदी गुळगुळीत असली तर ते तिच्यावर बसतात, एकमेकांत मिसळतात आणि ओघळ होऊन सिलिंडरमध्ये उतरतात. असे पेट्रोल नीट जळत नाही. भिंतीला किंचित खर असली तर तिच्यालगतची हवा घुसळत राहते आणि तुषार पुन्हा उचलले जातात. बाहेर जाणाऱ्या वाटेने मात्र केवळ जळका वायू जातो. तिथे तुकतुकीत भिंतीवर काजळी कमी धरते, म्हणून आरसा हवाच. एकाच हेडमध्ये, दोन बोटांच्या अंतरावर, एका ठिकाणी चकाकी हा गुण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोष. असे असेल तर 'पॉलिश' या क्रियापदाला कर्म सांगितल्यावाचून अर्थच उरत नाही.

खरे काम पुढे होते, आणि ते चकाकीचे नव्हते. मॅनिफोल्डचे तोंड आणि हेडचे तोंड एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. मधे नखाला लागेल एवढी पायरी राहते, आणि आत येणारा प्रवाह तिच्यावर आपटतो. गॅस्केट ठेवून निळ्या शाईने खूण करायची आणि पायरी बारीक कानशीने उतरवायची. याला तीन दिवस लागले. मग व्हॉल्व्ह. पेस्ट लावून, काठीला हातांच्या तळव्यांत घुसळत, रवीने ताक करावे तसे प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासायचा, कडेने राखाडी रंगाचे अखंड वलय उमटेपर्यंत. पुढे हेड उलटे करून खळग्यात डिझेल ओतायचे आणि वाट पाहायची. पूर्वी यासाठी रॉकेल असे. एका खळग्यातली पातळी तासाभरात उतरली. मिस्त्रींनी तो व्हॉल्व्ह काढून पुन्हा घासायला घेतला.

सिलिंडरचा बोअर अकोल्याहून करून आणला. ०.६ मिलिमीटर वाढीव व्यासाचे पिस्टन बसविले. त्याने इंजिनाचे आकारमान जेमतेम वीस घन सेंटिमीटरनी वाढले. धाकट्याचे समाधान तेवढ्यावर झाले हे आमच्या घराचे भाग्य. तिथेही तोच धडा: सिलिंडरची भिंत होनिंगने मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांनी ओरखडून घ्यावी लागते. त्या रेघांत तेल थांबते. भिंत काचेसारखी झाली की रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल पिऊ लागते. "असंच हाय रेच्याचं बी," मिस्त्री म्हणाले. "गुळगुळीत झाला का पकडत नाही."

थोरल्याला इथे वर्ग आठवला. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) शिकविताना, कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी उत्तरपत्रिकेत लिहिताना आमची मुले, जी घरी तीच बोलतात, ती 'शुद्ध' करून लिहितात. 'काहून'चे 'का' होते, 'पायजे'चे 'पाहिजे'. गुण मिळतात. बाई मात्र वाक्यातून निसटते.

वादाचा मोठा भाग अजून मिटायचा होता. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला पेट्रोलमधले शिसे आधार देत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि ते योग्यच झाले. पण जुन्या बैठका त्याने झिजतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, ते जुने रबर खाते. म्हणून कठीण पोलादाच्या बैठका, नवे व्हॉल्व्ह, नव्या नळ्या, पंपाचा नवा पडदा हे सारे आले. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनही बसविले. एवढे झाल्यावर गाडी मूळ स्वरूपात राहिली काय?

थोरल्याने रिद्धपूरचा दाखला काढला. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्रात गेली आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. म्हणून आज आपल्यापुढे आहेत ते पाठ, एक पाठ नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादन प्रसिद्ध केले ते अशा पाठांची छाननी करूनच. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्धी केली ती तर तीनशेच्या आसपास वर्षांच्या हातांनी चढविलेला थर उतरविण्यासाठी, आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये असेही बजावले. चालत्या ग्रंथाला हात लागतातच, तो कुठे आणि कशासाठी लागला एवढे नोंदवून ठेवावे, असे थोरल्याचे म्हणणे. धाकट्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की मग एक स्क्रू बदलू देत नव्हता तो कोण होता?

व्हिंटेज नोंदणी आम्ही घेतली नाही. ती घेतली तर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला रस्त्यावर काढता येते. रोज शेतात नेता येत नाही. वडील तिच्यातून सरकी आणत. दर पाच वर्षांनी करावयाचे साधे नूतनीकरण आम्हांला पुरेल. गाडी आता वारीच्या रस्त्याने वान धरणापर्यंत जाते, सातपुड्याकडे चढ लागला की पूर्वीसारखी कुरकुरत नाही, आणि तरी आवाज तोच आहे. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी तो ओळखला.

काढलेले सगळे भाग थोरल्याने डालड्याच्या जुन्या डब्यात घालून ठेवले आहेत: पॉइंट, झिजलेल्या बैठका, नळ्या, आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून, तळटिपेत पाठभेद द्यावेत तसे. हिशेब करायला आलेल्या मिस्त्रींनी डबा उघडून पाहिला, चिठ्ठ्या वाचल्या, आणि एक व्हॉल्व्ह मागून नेला. त्याचा सुंभा फार चांगला होतो म्हणाले. डब्यात आता सात आहेत, आणि आठवी चिठ्ठी.